नानांच्या जीपचा पाहुणचार

चावी नानांच्या हातात होती, इंजिन बंद करायची मूठ तारेसकट उपटून माझ्या हातात आली होती, आणि जीप चालूच होती. नुसती चालू नव्हती, ओरडत होती. गाडीत कुणी बसलेलं नाही, ॲक्सिलरेटरवर कुणाचा पाय नाही, गिअर न्यूट्रलला. तरी आवाज असा चढत चालला होता की वस्तीवरची कुत्री आधी भुंकली, मग गप्प झाली आणि मग एकेक करत उसात निघून गेली. धुराचं तर बोलूच नका. गेवराईला हायवेच्या कडेला गॅरेज चालवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळं धूर मला नवा नाही. पण त्या दिवशी वरून बगळ्यांचा एक थवा चालला होता. धुराच्या अलीकडून बगळे शिरले आणि पलीकडून कावळे बाहेर पडले. पटत नसेल तर तलवाड्याकडं कधी जाल तेव्हा विचारा.

वस्ती भिवाबापूंची. बापू म्हणजे नानांचे जुने दोस्त. मेंढ्या राखणारा माणूस, जोडीला थोडी शेती. बापूंच्या घरच्या म्हातारीनं जीपकडं एकदा नीट पाहिलं, आत गेली आणि लिंबू घेऊन आली.

"अंगात आलंय तिच्या," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर माझंही निदान त्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. बोनेट घुमत होतं, आरसे थरथरत होते, आणि समोरची नंबरप्लेट एका स्क्रूवर लोंबकळून नाही-नाही म्हणत मान हलवत होती.

"भागवत, कायतरी कर बे," नाना मला म्हणाले. आवाज बारीक. ज्या माणसाच्या हाकेनं नदीपलीकडचा गडी बैल सोडायचा, त्याचा आवाज बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

बाजूला प्रशांत उभा होता. नानांचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर. त्याला बोलायची गरजच नव्हती. बापलेकांत ठरलंच होतं तसं. लग्नाच्या पत्रिका वाटायच्या या फेरीत जीप कुठं बंद पडली तर सरळ भंगारात. आता अडचण एवढीच होती की ती बंद पडत नव्हती.

जीप इथवर कशी आली ते आधी सांगतो. तोवर ती ओरडू द्या.

नाना उमापूरचे. जमीन भरपूर, मिशा त्याहून भरपूर. डिझेलची, कापडी हुडाची ही जीप त्यांनी ऐन उमेदीत घेतली. तेव्हा आसपासच्या गावांत लग्न ठरलं की तारीख आधी भटजीला विचारायचे आणि मग नानांच्या जीपला. मांडवातून नवरी निघायची ती या जीपमधून. तालुक्यातल्या निम्म्या बायका हिच्या मागच्या सीटवर बसून रडलेल्या आहेत. नानांची स्वतःची मुलगीही त्यातूनच सासरी गेली. आता नात, म्हणजे प्रशांतची मुलगी, उजवायची होती. लग्न गेवराईत ठरलेलं. नानांचं एकच म्हणणं, नात माझ्या जीपमधून जाईल. प्रशांतचंही एकच म्हणणं, बाबा, त्या धुरातून तिला नेलं तर सासरची माणसं तिला ओळखणार नाहीत. त्यानं फुलं लावलेली लांबलचक पांढरी गाडी भाड्यानं सांगूनही ठेवली होती. मी दोघांनाही स्वतंत्रपणे सांगितलं की तुमचं अगदी बरोबर आहे. गॅरेज चालवायचं तर हे जमावं लागतं.

जीपची तब्येत मात्र खरंच बिघडलेली होती. ती ऑइल प्यायची. इंजिनमधलं ऑइल म्हणजे माणसातलं रक्त समजा. ते आत फिरलं पाहिजे, कमी व्हायला नको. नानांची जीप अर्धं जाळायची आणि अर्धं गाळायची. जिथं उभी राहील तिथं पुढची तीन वर्षं गवत उगवायचं नाही. उमापूरहून गेवराईपर्यंत रस्त्याला एक काळी रेघ होती. नवखा माणूस रस्ता विचारायला लागला की लोक सांगायचे, रेघ धर आणि जा.

यातून एक रीत पडली होती, आणि ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नानांचे पाहुणे गावोगावी. नाना कुणाच्याही दारात गेले की नानांना चहा आणि जीपला ऑइल. घरातलं कुणीतरी बोनेट उघडायचं, ऑइल मोजायची काडी काढून बघायचं आणि डब्यातून ओतायचं. ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे तो ट्रॅक्टरचं ओतायचा. नानांना कुणी सांगायचं नाही आणि नाना कुणाला विचारायचे नाहीत. पाहुण्याच्या बैलापुढं वैरण टाकली हे का कुणी बोलून दाखवतं? तसंच हे.

तर प्रशांत सुट्टी काढून आला आणि जीप घेऊन थेट माझ्या गॅरेजला.

"मिस्त्रीकाका, हिच्यात सिंथेटिक टाकायचं," तो म्हणाला.

हा शब्द थोडा सोडवून सांगतो. साधं ऑइल जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलापासून गाळून करतात. कितीही गाळलं तरी त्यात लहानमोठं राहतंच, चाळलेल्या ज्वारीत खडा राहावा तसं. सिंथेटिक कारखान्यात जुळवून करतात, त्याचा कण न् कण एका मापाचा. ते उन्हाळ्यात पातळ होऊन पळत नाही, थंडीत गोठत नाही आणि लवकर करपत नाही. शिवाय आतला साचलेला मळ धुऊन काढतं. आणि माझं दुखणं नेमकं इथंच होतं.

"अरे बाबा, मळ हाच तिचा सांगाडा आहे," मी म्हणालो. "सील कधीच गेलेत. मळानं भोकं बुजलीत म्हणून ती उभी आहे. तो धुतला तर चहूबाजूंनी गळेल."

हे मी नुसतं त्याला सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण समोर चहाचं हॉटेल, तिथं दहा माणसं बसलेली, आणि माझा आवाज मुळात मोठा. मी जाहीर करून टाकलं की या जीपमध्ये सिंथेटिक टाकलं तर एवढं गळेल की गोदावरीच्या पुलावर वाहतूक थांबवावी लागेल.

प्रशांत चिडला नाही. तो हळू बोलणारा माणूस आहे, आणि अशा माणसांची मला भीती वाटते. "सील नवे टाका ना, काका," तो म्हणाला. "मग गळेल कुठून?"

मी हॉटेलकडं पाहिलं. दहाही माणसं उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, तेच तर मी सांगतोय केव्हाचा.

मग इंजिन खोललं. खालचा सम्प, म्हणजे ऑइल साठतं ते भांडं, उघडला तर आत काकवीसारखा घट्ट काळा थर. पान्हा उभा केला तर उभाच राहिला. जळकं ऑइल कुठं निघणार म्हटलं की आमच्याकडं माणसं डबे घेऊन हजर होतात. कुणाला लोखंडी गेटला लावायचं असतं, कुणाला वाळवी लागलेल्या लाकडाला. त्या दिवशी निघालं ते बघून तीही परत गेली. सगळे सील नवे घातले, पॅकिंगं बदलली, फिल्टर बदलला आणि जुन्या इंजिनाला झेपेल असं जरा जाड नंबराचं सिंथेटिक भरलं. थोडे दिवस चालवून पहिलं ऑइल लवकरच काढून टाकलं, कारण त्यानं आतला उरलासुरला मळ धुऊन आणलेला असतो. परत ताजं भरलं. ही दुसऱ्यांदा भरायची गोष्ट पुष्कळ लोक टाळतात आणि मग सिंथेटिकला शिव्या देतात.

नाना बघायला आले. त्यांनी काडीवरचं ऑइल अंगठ्यानं चोळलं, वास घेतला, उजेडाकडं धरलं.

"हे तर चहा हाय," ते म्हणाले. "बिनदुधाचा."

"नाना, असंच असतं ते."

"माज्या गाडीला तू उपास घडवायलास, भागवत."

आणि जीप? जीप गळेना. धूरही निघेना. मी रोज सकाळी खाली पुठ्ठा घालून बघायचो, पुठ्ठा कोरा. हॉटेलातली दहा माणसंही बघून जायची. पुठ्ठ्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं बघायची. तिकडं उमापूरला नानांची झोप उडाली. गाडीखाली डाग नाही म्हणजे आत काही उरलंच नाही, असा त्यांचा हिशोब. दिवसातून चार वेळा वाकून खाली बघायचे, घरातलं तान्हं मूल ओलं का करीना म्हणून आई बघते तसं.

मग ठरली ती अट. लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या. आमच्याकडं पत्रिका मोबाईलवर पाठवली तर पाहुणा आयुष्यभर बोलत नाही. घरी जायचं, कुंकू-अक्षता लावलेली पत्रिका हातात द्यायची, चहा घ्यायचा, पोहे खायचे, मग पुढचं गाव. प्रशांत म्हणाला, ही पूर्ण फेरी जीपनं करू. कुठंही बंद पडली नाही तर नवरी हिच्यातून जाईल. बंद पडली तर भंगारवाल्याला निरोप. भंगारवाला आधीच येऊन टायर दाबून गेला होता. नानांनी अट मान्य केली, पण मला सोबत घेतलं.

"मेली तर घरच्या माणसाच्या हातात मेली पायजे," ते म्हणाले.

निघालो. नाना स्टिअरिंगवर, शेजारी प्रशांत, मागं मी, पत्रिकांची पिशवी आणि माझी पान्ह्यांची पेटी. काय सांगू, जीप अशी चालली की मला माझ्याच कामाचा अभिमान वाटायला लागला. चढावर एका नव्या मोटारीला आम्ही मागं टाकलं. ती पंक्चर होऊन उभी होती हे खरं आहे, पण मागं टाकलीच.

पहिल्या गावाला पोहे. दुसऱ्या गावाला शिरा. प्रत्येक घरी पाहुणे आधी नानांना विचारायचे की तब्येत कशी आणि मग जीपकडं बघून तोच प्रश्न. दुसऱ्या घरी मी शिऱ्याचा दुसरा घास घेत होतो तेव्हा बाहेर बोनेट आपटल्यासारखा आवाज आला. मला वाटलं वाऱ्यानं पत्रा वाजला असेल. शिरा चांगला होता.

तिसऱ्या गावाहून निघालो आणि मागं बारीक निळसर धूर दिसायला लागला. प्रशांतनं आरशात पाहिलं.

"काका, धूर येतोय का?"

"धूळ आहे," मी म्हणालो.

चौथ्या गावाहून निघालो तेव्हा ती धूळ आहे असं म्हणायला माझ्यासारख्या माणसालाही जीभ रेटेना. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. नानांनी मिशीवरचा हात खाली घेतला. आणि मी? खोटं कशाला सांगू, मला एका बाजूनं वाईट वाटलं आणि दुसऱ्या बाजूनं ती हॉटेलातली दहा माणसं आठवली. बघा, मी म्हणालो नव्हतो का, सिंथेटिक! असं वाक्य मी मनातल्या मनात जुळवायलाही घेतलं होतं.

त्या फेरीतली शेवटची पत्रिका भिवाबापूंची. बापूंच्या अंगणाला चढ आहे. नानांनी जीप नाक वर करून उभी केली, पुढं बापूंचा वाडगा, म्हणजे मेंढ्या कोंडायचं काटेरी कुंपण. आत गेलो, गूळ घातलेला चहा झाला, पत्रिका दिली. बापूंनी ती डोक्याला लावली आणि लग्नाला अंगावर घ्यायला म्हणून नवंकोरं घोंगडं विणून घेतलंय, ते आणून दाखवलं. काळंभोर, दाट, लोकरीचा वास अजून न गेलेलं. मग आम्ही बाहेर आलो, नानांनी जीप चालू केली, आणि ती सुरुवातीला सांगितली तशी पिसाळली. नाना उडी मारून उतरले. मी मूठ ओढली ती हातात आली.

डिझेल इंजिनाचं एक असतं. ते जळण मिळेल तोवर पळतं, मग जळण डिझेल असो की ऑइल. तुटता तुटता मुठीनं डिझेल बंद केलं होतं. म्हणजे ती स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होती. अशा वेळी उपाय दोन. टॉप गिअर टाकायचा, ब्रेक दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा. पण समोर मेंढ्या होत्या आणि नानांच्या ब्रेकवर माझा विश्वास नव्हता. ते ब्रेक मीच केलेले असल्यामुळं माझी माहिती पक्की होती. दुसरा उपाय, इंजिनाचं नाक दाबायचं. हवा ओढायच्या तोंडावर काहीतरी जाड, ओलं गच्च धरायचं. हात मात्र कधी लावायचा नाही. हात गेला तर हवेच्या जागी बोटं ओढतं ते.

मी आजूबाजूला पाहिलं. गोणपाट नाही, सतरंजी नाही. बापूंच्या खांद्यावर घोंगडं.

"बापू, घोंगडं द्या."

बापूंनी माझ्याकडं पाहिलं, घोंगड्याकडं पाहिलं. "हे?" ते म्हणाले. "हे लग्नाचं हाय."

"बापू, लग्नाचंच काम आहे."

बापूंनी ते खांद्यावरून काढलं. काढताना एकदा हात फिरवला त्याच्यावर. मी ते मेंढ्यांच्या पाण्याच्या टाकीत बुडवलं, चार घड्या घातल्या, एअर क्लीनरची नळी उपटली आणि त्या तोंडावर घोंगडं दाबून वर छाती टेकली. जीपनं घोंगडं असं ओढलं की मला वाटलं घोंगडं, मी आणि माझ्या खिशातला तंबाखू तिघंही सायलेन्सरमधून बाहेर येतो की काय. मग ती खोकली. एकदा, दोनदा. आणि थांबली.

एवढी शांतता झाली की मेंढ्या रवंथ करताना ऐकू यायला लागल्या. म्हातारीनं लिंबू चाकाखाली ठेवलं आणि आत गेली. आजही तलवाड्याकडं जीप लिंबानंच थांबली असं सांगतात.

प्रशांत पुढं आला. "संपलं ना, काका?" तो म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती. नाना वाडग्याच्या कडेला उकिडवे बसले होते, गाडीकडं पाठ करून.

इंजिन जरा निवल्यावर मी ऑइलची काडी काढली. काडीच्या टोकाला दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. माझ्या हातातली काडी पार मुठीपर्यंत ओली होती. आणखी हातभर लांब असती तर तेवढीही ओली निघाली असती. वर फेस, ताक घुसळल्यासारखा. रंग तर विचारू नका. खालून मधासारखं, वरून डांबरासारखं. सिंथेटिकचा हा रंग नव्हे. हे तर पंगतीतलं ताट होतं, सगळ्यांनी वाढलेलं.

मला पहिल्या गावापासूनचे बोनेटचे सगळे आवाज एकदम ऐकू आले.

"बापू," मी विचारलं, "आम्ही चहा घेत होतो तेव्हा जीपला कुणी काय घातलं का?"

"घातलं की," बापू म्हणाले. चेहऱ्यावर समाधान. "न्हाई कसं घालणार? काडी बघितली तर लई कमी दिसलं. पोटभर घातलं."

इथं एक गंमत आहे. इंजिन बंद केल्या केल्या काडी बघितली तर ऑइल कमीच दिसतं, कारण बरंचसं अजून वर अडकलेलं असतं. ते खाली उतरायला थोडा वेळ द्यावा लागतो. त्यात गाडी चढावर असली तर काडी वाटेल ते सांगते. नाना प्रत्येक दारात गाडी बंद करून आत जायचे आणि यजमान लगेच काडी बघायचे. आजारी होती तेव्हा हे खपून गेलं. घालतील तेवढं ती जाळायची आणि गाळायची. आता ती बरी झाली होती, एक थेंब बाहेर टाकत नव्हती, आणि सगळे तिला आजारी समजून भरवत होते. प्रमाणाबाहेर ऑइल झालं की आतला फिरता दांडा ते घुसळतो, त्याचा फेस वर चढतो, हवेच्या वाटेनं पुन्हा इंजिनात जातो आणि तेच जळण होतं. अंगात येणं म्हणतात ते हेच.

मी फोन लावले. प्रत्येकानं अभिमानानं सांगितलं. पहिल्या गावच्यांनी ट्रॅक्टरचं घातलं होतं. दुसऱ्यांनी खास तालुक्याहून आणवलं होतं. तिसऱ्या गावचे पाहुणे मला म्हणाले, "कावून, कमी पडलं का?" आणि चौथ्या गावच्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की तिसऱ्या गावानं त्यांच्यापेक्षा जास्त तर नाही ना घातलं. सिंथेटिक बिचारं तळाशी बसून हे सगळं सोसत होतं.

प्रशांत ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं कान खाजवला. मी गेवराईत पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली आहेत. कान खाजवणाऱ्या माणसानं काहीतरी केलेलं असतं.

"तू पण?" मी विचारलं.

"सकाळी," तो म्हणाला. "इंजिन गरम करून बघायचं असतं, म्हणून गरम केलं आणि बघितलं. थोडं कमी वाटलं." जरा थांबून म्हणाला, "थोडंसंच टाकलं."

नाना वाडग्याकडं तोंड करून बसले होते, त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. आता तुम्ही विचाराल की मिस्त्री, निघायच्या आधी तुम्हीही टाकलं होतं का? मूळ मुद्दा तो नाही.

"परशा," नाना उठत म्हणाले, "अट काय ठरलीती? बंद पडली तर. पडली का बंद?"

प्रशांत हसला, पण हो म्हणाला नाही. तो हिशोबी माणूस आहे, असल्या बोलण्यावर हरणारा नव्हे. तो बापूंकडं वळला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "बापू, तुमच्याकडं ऑइल कसं काय? तुमच्याकडं तर गाडी नाही."

आणि हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. बापूंकडं ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही. ते आजवर मेंढ्यांमागं पायी फिरलेले.

बापू आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. भिंतीतल्या देवळीत तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलेला, फडक्यानं पुसलेला, वर झाकण आणि झाकणावर पिशवी बांधलेली.

"आमच्याकडं कुठली गाडी," बापू म्हणाले. "हे नानाच्या जीपचं हाय. माजी पोरगी तिच्यातून गेली. तवापासून ठिवतो. कवाबी आली तर उपाशी जाऊ नये."

प्रशांतनं डबा हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. परत दिला. मग बाजूला जाऊन त्यानं फोन लावला. मोठ्यानं बोलला नाही, पण मला एवढं ऐकू आलं की ती पांढरी गाडी नको, दुसरी सोय झाली आहे.

मी सगळं ऑइल बापूंच्या घमेल्यांत उतरवलं. घमेली संपली तेव्हा हंडे आणले. शेवटी मेंढ्यांची पाण्याची टाकी मागायची वेळ आली होती, थोडक्यात वाचली. हवेची नळी पुसून परत बसवली, मुठीची तार जोडली, गावातून फिल्टर आणि ताजं ऑइल मागवून घातलं, सपाट जागेवर उभी करून, थोडं थांबून काडी बघितली, आणि चालू केली. मला खात्री होती की आतलं काहीतरी उडालं असणार. एवढ्या पळण्यानं भलीभली इंजिनं बसतात. हिचा साधा आवाजही बदलला नव्हता. आता त्याचं श्रेय माझ्या सीलांना द्यायचं की तळाशी राहिलेल्या त्या बिनदुधाच्या चहाला, यावर माझं एक मत आहे. हा लेख प्रशांतही वाचणार असल्यामुळं ते मी इथं देत नाही.

लग्न झालं. उरलेल्या पत्रिकांवर प्रशांतनं पेनानं दुरुस्ती केली होती. खाली छापलेलं होतं की कृपया आहेर आणू नये. तिथं आहेर या शब्दापुढं त्यानं 'व ऑइल' एवढं घातलं. तरी एकानं लाल फीत बांधून डबा आणलाच. नवरी जीपमधून गेली, धुराशिवाय, आणि मागच्या सीटवरची रीत पाळून वेशीपर्यंत रडली. पुढं नाना स्टिअरिंगवर होते, ते तिच्याहून जास्त रडत होते, त्यामुळं स्टिअरिंग मला शेजारून धरावं लागलं. मानपानात सगळ्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी होती. भिवाबापूंना तेवढं नवं घोंगडं. बापूंनी ते मांडवातच अंगावर घेतलं, भर उन्हाळ्यात, आणि जेवण होईस्तोवर काढलं नाही.

हॉटेलातली ती दहा माणसं अजून मला विचारतात की जुन्या गाडीला सिंथेटिक चालतं का. चालतं, मी सांगतो, मी तर पहिल्यापासून सांगतोय. आधी सील बघा, इंजिनाला झेपेल तो नंबर घ्या, पहिलं ऑइल लवकर बदला, आणि काडी बघायची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून, जरा दम खाऊन. एवढं केलं की झालं.

आणि पत्रिका वाटायला निघणार असाल तर बोनेटला कुलूप लावा.